आमच्या व्हॅनच्या छताला फोड आले त्याची गोष्ट

"आई, इथे रंगाला फोड आलेत बघ," असं लेक म्हणाली तेव्हा ती बाबाच्या खांद्यावर बसून व्हॅनच्या टपावरची वाळकी पानं काढत होती, आणि मी खालूनच म्हटलं पक्ष्यांची घाण असेल गं, ओल्या फडक्याने पूस. तिने पुसलं, परत पुसलं, काही जाईना. मग मी स्टूल घेऊन वर चढले. छताच्या पुढच्या कडेला, जिथे पाणी अडवणारं रबर बसतं त्याच्या जरा वर, ओळीने पाच फुगे होते, चार अगदी टाचणीच्या डोक्याएवढे आणि एक शर्टाच्या बटणाएवढा. मोठा नखाने दाबला तर रंगाचा पापुद्रा कट्कन तुटला आणि आतून पांढरी भुकटी पडली, खडूची पूड असते ना तशी. तांबडी नाही, पांढरी, आणि तेच मला कळेना, कारण गंज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तांबडा रंगच येतो.

आपल्याकडे अशा व्हॅन फारशा दिसत नाहीत म्हणून आधी सांगते. ही दिसायला साधी मोठी व्हॅन, पण तिचं छत पेटीच्या झाकणासारखं वर उचलता येतं, बाजूंना कॅनव्हासचं कापड असतं ते घडी उलगडून ताणलं जातं आणि वर दोन माणसं झोपतील असा बेड तयार होतो. सकाळी परत झाकण खाली ओढायचं, कापड आत नीट ढकलायचं, कुलूप लावायचं आणि निघायचं. इकडे परदेशात आल्यावर सुट्टीत कुठे जायचं तर आमचं हेच घर, त्यामुळे त्या पाच फुग्यांनी माझी झोप उडाली हे खरं सांगते.

रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्या बाबांना दाखवलं. बाबांनी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलंय, त्यांचा पहिला प्रश्न, "लोहचुंबक लावून बघितलंस का?" मी धावत जाऊन फ्रिजवरचं चुंबक काढलं, छताला लावलं तर घसरून खाली पडलं, दरवाजाला लावलं तर घट्ट चिकटलं. "म्हणजे झाकण ॲल्युमिनियमचं आहे आणि खालची बॉडी लोखंडी पत्र्याची," बाबा म्हणाले, "अगं दोन वेगळे धातू, दोन वेगळे आजार, औषध पण वेगळं." आणि मग त्यांनी जे समजावलं ते मला इतकं पटलं की इथे जसंच्या तसं लिहिते.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. त्याच्या अंगावर हवेने आपोआप ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो, काही नॅनोमीटरचा, आणि तोच त्याचं कवच असतो, खरवडला तरी क्षणात परत तयार होतो. पण मीठ आलं की त्यातला क्लोराइड हे कवच जागोजाग फोडतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात मिठाचं पाणी रात्रभर राहिलं की सकाळी तळाशी बारीक खड्डे आणि पांढरे डाग दिसतात, अगदी तेच आमच्या छतावर रंगाखाली चाललं होतं. ती पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून रंग वर उचलला जातो आणि आपल्याला फुगा दिसतो. त्यात त्याच जागी दुसऱ्या धातूचा स्क्रू असेल, स्टेनलेस स्टीलचा, आणि मध्ये खारं पाणी, तर एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम, स्क्रू मात्र चकचकीत राहतो. हे मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

मीठ कुठून आलं हे विचारायलाच नको. इकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, पुढच्या गाड्यांच्या चाकांनी त्याची फवारणी होते आणि ती थेट टपापर्यंत जाते. नुसतं साधं मीठ असेल तर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली की ते कोरडं तरी होतं, पण काही ठिकाणी मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात ते ३३ टक्क्यांपर्यंत हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणजे पाऊस नाही, बर्फ नाही, ऊन पडलंय, तरी रबराच्या मागे ती जागा ओलीच. आणि समुद्रकाठी चार दिवस गाडी लावली तरी तेच.

आता आमची चूक. म्हणजे घाई झाली. एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली, त्यांनी फुगे घासले, वर लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला, दोन दिवसांत गाडी परत, दिसायला एकदम नवी. आठ महिन्यांनी त्याच जागी फुगे परत आले आणि आता पाचाचे अकरा झाले होते. रबर कोणी काढलंच नव्हतं. ते जागेवर ठेवून त्याच्या कडेने मास्किंग टेप लावून काम उरकलेलं, आणि रोग तर रबराच्या खाली होता. मला त्या दिवशी इतका राग आला, पैशांपेक्षा वाया गेलेल्या आठ महिन्यांचा जास्त, कारण तेवढ्या काळात आत गंज धातू खात खात पुढे गेलेला.

वॉरंटीचंही सांगून टाकते कारण आधी सगळे तेच विचारतात. गंजाची वॉरंटी बहुतेक वेळा पत्र्याला आतून बाहेरपर्यंत भोक पडलं तरच लागू होते, वरचे फोड हा रंगाचा विषय धरतात आणि रंगाची मुदत खूप आधी संपते. त्यामुळे पहिला फोड दिसला की तारखेसकट फोटो काढा, लेखी कळवा आणि वर्षाच्या तपासणीच्या कागदावर त्याची नोंद करून घ्या. आमची मुदत गेली होती, विषय संपला.

दुसऱ्या वेळी बाबांनी बजावलं, "आधी पाणी कुठून येतंय आणि कुठे थांबतंय ते शोध, रंगाचं नंतर." मग मी आणि नवऱ्याने एका शनिवारी झाकण उघडलं आणि जवळजवळ सगळं रबर स्वतः काढलं. प्लास्टिकच्या पट्टीने, हळूहळू, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नाही, कारण त्याने जो ओरखडा पडतो तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. रबर निघालं आणि त्याच्या खाचेत जे होतं ते बघून आम्ही दोघं गप्पच बसलो. काळी बारीक वाळू, पाइनच्या सुया, कुजलेली पानं, सगळं मिळून ओलसर लगदा. गाडी चालताना झाकण किंचित थरथरत असतं, म्हणजे ही वाळू वर्षानुवर्षं रबराखाली पॉलिश पेपरसारखी रंग घासत होती. आणि रंग निघाला होता तिथून ॲल्युमिनियमवर बारीक बारीक वळणदार रेघा गेलेल्या, भिंतीवर वाळवी चढते ना अगदी तशा, केसापेक्षा थोड्या जाड, एकमेकींना न छेदता लांब गेलेल्या. वरून रंग धडधाकट दिसत होता आणि खाली या रेघा फुग्यापासून वीतभर पुढे पोचल्या होत्या. मी बोट फिरवलं तर रंग कागदासारखा वर आला.

दुसरा गुन्हेगार बाजूला सापडला. आधीच्या मालकाने छत्रीसाठी एक पट्टी बसवली होती, आठ स्टेनलेसचे स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये, मध्ये वॉशर नाही, पेस्ट नाही, काही नाही. स्क्रू फिरवून काढले तर नव्यासारखे, आणि प्रत्येक भोकाभोवती मात्र पांढऱ्या भुकटीचं वर्तुळ. बाबांची बॅटरी.

तिसरं लोखंडाचं. झाकणाखाली बॉडीचा जो कापलेला काठ असतो, त्याच्यावर दुसरं रबर बसतं, तिथे दोन कोपऱ्यांत आपला ओळखीचा तांबडा गंज होता. साध्या व्हॅनचं छत कापून नंतर असं उघडणारं छत बसवतात त्या गाड्यांमध्ये हा काठ फार जपून बघावा लागतो, कारण कारखान्यात दिलेलं गंजरोधक संरक्षण कापताना तिथे संपलेलं असतं आणि कापलेल्या कडेवर बऱ्याचदा नुसता रंगाचा ब्रश फिरवलेला असतो. ज्यांचं झाकण फायबरचं आहे त्यांना वाटतं आपल्याला काळजी नाही, फायबर गंजत नाही हे बरोबर, पण त्याच्या खालचा हा काठ लोखंडीच असतो, तेव्हा त्यांनीही रबर उचलून बघावं.

नंतर एक वयस्कर बॉडीवाले भेटले, एकट्याचंच छोटं वर्कशॉप, त्यांनी रंगाचं काम घेतलं पण अट घातली की घासाघाशी तुम्ही करा आणि मी सांगेन तशी करा. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातातला लोखंडी तारेचा ब्रश काढून घेतला. ॲल्युमिनियमला लोखंडी ब्रश लावायचा नाही, लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथेच पुन्हा दोन धातूंचं भांडण सुरू होतं. नायलॉनचा खरखरीत पॅड किंवा स्टेनलेसचा ब्रश, तोही पूर्वी लोखंडावर वापरलेला नको. फुगा बटणाएवढा असला तरी घासायचं ते चांगला घट्ट रंग लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे अजून दोन बोटं. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतात त्यात मीठ बसलेलं असतं, म्हणून साध्या पाण्याने परत परत धुवायचं, गरम हवेने वाळवायचं, परत बघायचं. मी एकेका खड्ड्यावर टॉर्च धरून बसले होते, लेक मोजत होती, एकूण त्रेचाळीस झाले.

घासून स्वच्छ केलं की उशीर करायचा नाही, त्याच दिवशी प्रायमर. त्यांनी दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर मारला, आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली की ॲसिडवाला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, आणि इपॉक्सी एकावर एक सहसा मारू नये, कंपनीच्या कागदावर चालतं असं लिहिलेलं असेल तरच, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. लांबी इपॉक्सीच्या वर, उघड्या धातूवर नाही. थंडीत आणि दमट हवेत हे काम काढायचंच नाही, थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं आणि आपण ते रंगाखाली कोंडून ठेवतो. आम्ही त्यासाठी तीन आठवडे थांबलो. लोखंडी काठावर मात्र वेगळं, तिथे गंज उजळ पत्रा लागेपर्यंत काढला, खोल जागी फॉस्फोरिक ॲसिडवाला कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचं रूप बदलून त्याला थोपवणारं द्रव, लावला, मग इपॉक्सी, मग फटी बुजवणारा सीलर.

सिलिकॉनबद्दल तर त्यांनी मला जवळजवळ दमच दिला. बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते गाडीला लावायचं नाही, तो वास ॲसिडचाच असतो आणि धातूला तोच खातो, वर त्याच्यावर रंगही धरत नाही. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचं सीलंट वापरायचं. आणि रबर मऊ राहावं म्हणून मी दर दोन महिन्यांनी सिलिकॉन स्प्रे मारत होते तो उडून आजूबाजूच्या रंगावर बसला होता, त्यामुळे रंग मारताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल खड्डे पडतात म्हणून आधी खास क्लीनरने सगळं छत दोनदा पुसावं लागलं. आता स्प्रे फडक्यावर घेते आणि फडकं रबरावर फिरवते.

छत्रीची पट्टी परत बसवली, पण आता प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर, आट्यांना धातू वेगळे ठेवणारी पेस्ट आणि पट्टीखाली पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप. रबर जिथे टेकतं तिथे रंगावर पारदर्शक फिल्म लावून घेतली, वाळूला घासायचंच असेल तर ती घासू दे, ती फाटली की बदलता येते.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आधी कधी आलीच नव्हती ती म्हणजे आतून येणारं पाणी. दोन माणसं वर रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं, ते थंड छताला आणि कापडाला चिकटतं, आणि सकाळी घाईत आपण ते ओलं कापड तसंच आत दाबून झाकण बंद करतो. मग ती गाडी पुढचे तीन आठवडे दारात उभी. आता झोपताना कापडाची खिडकी चार बोटं उघडी असते, कितीही थंडी असो, आणि ओलं बंद केलंच तर घरी आल्यावर त्याच संध्याकाळी झाकण परत उघडून वाळवतो. प्रवास नसला तरी महिन्यातून दोनदा उघडतो. शेजारच्या आजींना आधी वाटायचं आम्ही दारातच मुक्काम करतोय, आता त्याच विचारतात आज वाळवायचं नाही का. प्रेशर वॉशर रबराच्या दिशेने धरत नाही, पाणी आत घुसतं, साध्या पाइपने धुते आणि खाचेतली घाण जुन्या रंगाच्या ब्रशने काढते. हिवाळ्यात खाऱ्या रस्त्यावरून आलं की टपसुद्धा धुवायचा, आपण चाकं धुतो आणि टप विसरतो.

या कामाला आता दोन हिवाळे झाले. पुढची कड एकदम गुळगुळीत आहे, दर महिन्याला लेक बोट फिरवून बघते, डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं हे तिनेच शोधून काढलंय. गेल्या आठवड्यात ती मागच्या डाव्या कोपऱ्यात थांबली आणि म्हणाली इथे काहीतरी आहे. मला दिसत काहीच नाही, टॉर्च तिरका धरला तेव्हा अगदी बारीक उंचवटा जाणवला. तेवढं रबर आम्ही त्या वेळी काढलं नव्हतं, बिजागरीमुळे अवघड जातं. बाबांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "खडूने गोल कर आणि तारीख लिही." केलंय. थंडी सरली की बिजागरी सोडवून तो कोपरा उघडणार आहे.