झडी लागल्या एकदाच्या

पुण्याचं बिऱ्हाड हलवून महाबळेश्वरला आल्यानंतरचा हा पहिला पावसाळा. आज घराला झडी बांधून झाल्या. बांबूच्या कामट्यांमध्ये गवत दाबून सुतळीने आवळायचं आणि तो अख्खा पडदा भिंतीला उभा करायचा. सकाळपासून मी नुसती बघत बसले होते. इथला पाऊस सरळ पडतच नाही हो, आडवा येतो! वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. पुण्यात वर्षाकाठी ७०० च्या आसपास पडतो, त्यावरही आपण केवढं बोलतो.

प्लास्टिक स्वस्त पडतं म्हणे, पण ते वाऱ्याने रात्रभर फडफडणार. शिवाय दिसतं भिकार. गवतच बरं.

संध्याकाळी शेजारच्या काकू पाहणीला आल्या. "खिडकी झाकलीस ना? आता दिवसाही दिवा लागेल. डाळ-तांदूळ भरून ठेव, पसरणी घाटात दरड आली की वाईहून भाजीसुद्धा येत नाही."

स्ट्रॉबेरी आणि वेण्णा लेकपुरतं महाबळेश्वर माहीत असलेल्या मला जरा धडकीच भरली. कपडे कुठे वाळवता विचारलं, तर म्हणाल्या, "वाळत नाहीत."

जुन्या महाबळेश्वरकरांनो, खरं सांगा, काय करता?