पाच मिनिटं, वीस स्लाइड आणि वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद

स्लाइड २०, प्रत्येकीला १५ सेकंद. त्या आपोआप सरकतात, बोलणाऱ्याच्या हाती रिमोट नसतो. पाच मिनिटं झाली की भाषण संपलं, मग तुमचं सांगून झालेलं असो वा नसो. इग्नाइट या भाषणप्रकाराचे नियम एवढेच. २००६ मध्ये ब्रॅडी फॉरेस्ट आणि ब्रे पेटिस यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये तो सुरू केला. त्याआधी २००३ मध्ये टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी पेचाकुचा सुरू केलं होतं. तिथेही स्लाइड २०च, पण २० सेकंदांच्या, म्हणजे एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. विषयाला बंधन नाही. यांत्रिक कीबोर्ड, बाल्कनीतलं कंपोस्ट, नाण्यावरच्या सालाखालचा टांकसाळीचा ठिपका, काहीही चालतं. बोलणाऱ्याला त्याची मनापासून ओढ हवी.

या प्रकारावरचे बहुतेक सल्ले इंग्रजीत बोलणाऱ्यांसाठी आहेत. मराठीत ते तसेच वापरले की एक अडचण हमखास येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं, त्यामुळे वाक्याचा निकालही शेवटीच लागतो. हे वाक्य बघा: ‘कुकरमधल्या वाढलेल्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या आसपास पोहोचत असल्याने डाळ कमी वेळात शिजते.’ ‘शिजते’ तोंडातून बाहेर पडेपर्यंत पडद्यावर पुढचं चित्र आलेलं असतं. श्रोत्यांचे डोळे नव्या चित्रावर, कान जुन्या वाक्यात. असं तीन-चारदा झालं की लोक एकतर बघणं सोडतात, नाहीतर ऐकणं.

म्हणून वाक्यं तोडायची. ‘कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना उकळत नाही. एकशेवीसच्या आसपास उकळतं. कारण आत दाब आहे. म्हणून डाळ लवकर शिजते.’ एका वाक्यात सहा ते आठ शब्द पुरे. अशी वाक्यं कागदावर रुक्ष वाटतात, पण बोलताना अगदी नैसर्गिक वाटतात. ओट्याशी उभं राहून कुणाला काही समजावताना आपण असंच बोलतो. ‘असल्यामुळे’, ‘केल्यानंतर’, ‘ज्याप्रमाणे... त्याप्रमाणे’ दिसलं की तिथे पूर्णविराम बसतो का ते बघा. बहुतेकदा बसतो.

आता मोजमाप. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२५ शब्द होतात. प्रत्यय जोडून आपले शब्द लांबतात, त्यामुळे इंग्रजी भाषणांचे शब्दांचे आकडे इथे लागू पडत नाहीत. १५ सेकंदांत २८ ते ३० शब्द बसतात, पण लिहायचे २४ ते २६. उरलेली जागा श्वासाला आणि श्रोत्यांच्या हसण्याला. म्हणजे अख्खं भाषण ५०० शब्दांच्या आसपास, हाताने लिहिलेली जेमतेम अडीच पानं.

एवढ्याशा जागेत प्रस्तावना परवडत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, तेव्हापासून तासाभराचं व्याख्यान आपल्या अंगवळणी पडलं आहे. त्यात आधी पार्श्वभूमी, मग विषय, मग समारोप. कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. पाच मिनिटांच्या भाषणात थेट आख्यानालाच हात घालायचा. निरूपण त्याच्या पोटात, एकेका वाक्याने. ‘अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर’ एवढ्यातच पहिली स्लाइड निघून जाते. नाव आणि ओळख निवेदकाने आधीच सांगावी.

कुकरच्या शिट्टीचंच उदाहरण पुढे नेऊ. ‘प्रेशर कुकरचा इतिहास आणि विज्ञान’ हा पाच मिनिटांचा विषय नाही. ‘शिट्टीचं वजन तेवढंच का?’ हा आहे. पहिली स्लाइड: तळहातावर ठेवलेली शिट्टी, बाकी काही नाही. दुसरी: झाकणावरच्या वाफनळीचं भोक, शेजारी मापासाठी मोजपट्टी. तिसरी आणि चौथी मिळून हिशोब. भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला, तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब झाल्यावर शिट्टी उचलली जायची असेल, तर त्या भोकावर ७० ग्रॅम वजन हवं. हा हिशोब १५ सेकंदांत होत नाही, म्हणून तेच चित्र सलग दोन स्लाइडवर ठेवायचं. तिसरीवर फक्त भोक आणि क्षेत्रफळ, चौथीवर त्यात ‘७० ग्रॅम’ची भर. नियमही पाळला जातो आणि ३० सेकंदही मिळतात. पुढे दुसऱ्या कुकरची शिट्टी का चालत नाही (भोक वेगळं, म्हणून वजन वेगळं), डाळीच्या फेसाने नळी तुंबली तर काय होतं, आणि अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट कशी देतो, हे क्रमाने आलं की २० स्लाइड भरतात. गॅस्केटची रिंग, अ‍ॅल्युमिनियम की स्टील, किती शिट्ट्यांना कोणती डाळ, हे सगळं गाळायचं. गाळताना जीव कळवळतो, पण दुसरा उपाय नाही.

सहावी, अकरावी आणि सोळावी स्लाइड विसाव्याची ठेवा. सुंदर मोठा फोटो आणि त्यावर एकच, नसलं तरी चालेल असं वाक्य. मागे पडला असाल तर ते गाळून वेळ भरून काढता येतो. पुढे गेला असाल तर शांत उभं राहून लोकांना चित्र बघू द्यायचं. विसावा नसेल तर तिसऱ्या स्लाइडवर झालेली चार सेकंदांची चूक शेवटच्या स्लाइडपर्यंत पाठ सोडत नाही.

सराव उभ्याने आणि मोठ्याने, मनातल्या मनात नको. मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं. पहिल्या दोन वेळा फोनवर रेकॉर्ड करून तपासा: पाचवी स्लाइड १ मिनिट १५ सेकंदांना संपायला हवी, दहावी २:३० ला, पंधरावी ३:४५ ला. सात-आठ वेळा म्हटल्यावर कागद बाजूला ठेवता येतो.

आता यंत्राकडे. पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन्स टॅबवर ‘आफ्टर’समोर ००:१५ भरायचं, ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढायची आणि ट्रान्झिशन ‘नन’ ठेवायचं. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण स्लाइड बदलतानाच्या इफेक्टचा वेळ १५ सेकंदांच्या वर मोजला जातो. ०.७ सेकंदाचा फेड २० वेळा म्हणजे १४ सेकंद जास्त. अ‍ॅनिमेशनही नको, ते पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड हलत नाही. मग ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘युझिंग टाइमिंग्ज’ निवडलेलं आहे ना ते बघा. तिथे ‘मॅन्युअली’ राहिलं तर भरलेले आकडे दिसतात, पण स्लाइड जागची हलत नाही. ‘रिहर्स टाइमिंग्ज’ला तर हातच लावू नका, ते तुमचे १५ सेकंद पुसून आपले आकडे लिहितं. गूगल स्लाइड्समध्ये ऑटो-प्लेच्या यादीत १५ सेकंद आहेत, २० नाहीत. म्हणजे इग्नाइट जमतं, पेचाकुचा नाही. आणि पीडीएफ पाठवली तर वेळेची नोंद उडते.

देवनागरीचा घोटाळा वेगळा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर रोमन अक्षरांचा कचरा होऊन येतो. युनिकोड असूनही फॉण्ट तिथे नसेल तर दुसराच लागतो, ओळी लांबतात आणि मथळ्याचा शेवटचा शब्द खाली घसरतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉण्ट वापरा. पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली फॉण्ट फाइलमध्ये एम्बेड करायची सोय आहे, तिथे सगळी अक्षरं एम्बेड करण्याचा पर्याय घ्या. ओळींतलं अंतर १.२ च्या खाली नेऊ नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे दिसले तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवून बघा. ज्या फॉण्टमध्ये दोन्ही रूपं आहेत तिथे फरक पडू शकतो. स्लाइडवर शब्द मुळात पाच-सहापेक्षा जास्त नकोतच.

आयोजकांसाठी मुख्य काम एकच: सगळ्यांची भाषणं एका फाइलमध्ये आणणं. दर भाषणाला लॅपटॉप बदलला की तीन मिनिटं जातात, बारा भाषणांत अर्धा तास. बारा जणांच्या २४० स्लाइड, आणि प्रत्येकाआधी नाव आणि विषयाची एक दुभाजक स्लाइड. चिकटवताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ घ्या. दुभाजकावर वेळ लावायचा नाही, तो क्लिकनेच सरकायला हवा. इथे ‘अप्लाय टू ऑल’ दाबलं की दुभाजकही १५ सेकंदांत पळतो आणि बोलणारा मंचावर पोहोचायच्या आत त्याचं भाषण सुरू होतं. प्रत्येकाच्या स्लाइड मोजा. एकविसावी किंवा लपवलेली स्लाइड अनेकांकडे निघते. फोटो १९२० × १०८० वर आणून घ्या. फोनचे मूळ फोटो ४-५ एमबीचे असतात, ते तसेच घेतले तर फाइल एक जीबीपर्यंत फुगते आणि जुना लॅपटॉप मध्येच दम खातो.

सहा भाषणं, २० मिनिटं चहा, पुन्हा सहा. दोन भाषणांमध्ये निवेदकाला दीड मिनिट. सगळं मिळून दोन तासांच्या आत बसतं, मात्र शाल-श्रीफळ आणि मनोगतं त्यात धरू नका. सत्कार करायचाच असेल तर चहाच्या वेळात करा.

लॅपटॉपशी एक माणूस कायम बसलेला हवा. स्लीप आणि नोटिफिकेशन बंद, चार्जर लावलेला, आणि पॉवरपॉइंटमधली एस ही कळ त्याला माहीत असलेली. ती दाबली की आपोआप चाललेला शो थांबतो, पुन्हा दाबली की सुरू होतो. माइक मधेच बंद पडला तर लगेच एस. पाचव्या स्लाइडच्या आत असाल तर भाषण पहिल्यापासून घ्या. त्यापुढे गेला असाल तर एक स्लाइड मागे येऊन तिथून सुरू करा, म्हणजे तुटलेलं वाक्य पुन्हा पूर्ण म्हणता येतं.