बोइंग-मायक्रोसॉफ्टच्या आधी सिॲटलमध्ये होतं काय?

भारतातून कुणीही पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: आधी इथं जंगल होतं, आणि इथल्या मूळ रहिवासी दुवामिश लोकांची गावं होती. शहर या दोघांच्या जिवावर उभं राहिलं.

१३ नोव्हेंबर १८५१ ला गोऱ्या वसाहतकऱ्यांना घेऊन 'एक्झॅक्ट' नावाचं शिडाचं जहाज अल्काय इथं, म्हणजे आजच्या वेस्ट सिॲटलच्या किनाऱ्याला लागलं. पाऊस कोसळत होता. त्यांच्यातल्याच, पुढे पाठवलेल्या डेव्हिड डेनीने लाकडी खोपट बांधायला घेतलं होतं, पण त्यावर छप्पर नव्हतं. उतरलेल्यांत त्याची वहिनी मेरी होती, कडेवर दोन-अडीच महिन्यांचं बाळ. तिला दूध येईना. तेव्हा इथल्या बायकांनी तिला बाळाला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) पाणी पाजायला शिकवलं. ते बाळ, रोलंड, पुढे १९३९ पर्यंत जगलं. सिॲटलच्या स्थापनेची गोष्ट मी नेहमी इथूनच सुरू करते, कारण या वसाहतीचा पहिला हिवाळा यजमानांमुळे निभावला.

अल्कायला जहाजं नीट लागत नव्हती, म्हणून १८५२ मध्ये मंडळी खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर सरकली. तिथं हेन्री येस्लर आला आणि १८५३ मध्ये त्याची वाफेवरची लाकूड-गिरणी सुरू झाली. टेकडीवरचे ओंडके घसरत खाली यायचे, कापलेलं लाकूड जहाजानं सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. गावात रोख पैसा आला तो यातून. त्या गिरणीत मूळ रहिवासीही राबत होते.

आणि मोबदला काय मिळाला? गावाला ज्यांचं नाव दिलं ते दुवामिश आणि शेजारच्या सुक्वामिश जमातीचे प्रमुख सिॲटल यांनी अमेरिकन सरकारबरोबरच्या १८५५ च्या करारावर खूण केली, जमीन गेली. १८६५ मध्ये गावाच्या विश्वस्तांनी नियमच केला: गोऱ्या मालकानं कामावर ठेवून राहायला जागा दिली असेल तरच मूळ रहिवाशानं गावात राहायचं. मला याचा आजही संताप येतो. पुढच्याच वर्षी प्रमुख सिॲटल वारले, खाडीपलीकडच्या राखीव वस्तीत.

६ जून १८८९ ला एका सुतारकामाच्या दुकानात उकळता सरस पेटला. घरं लाकडाची, पाण्याचे नळसुद्धा बरेचसे पोखरलेल्या ओंडक्यांचे. दाब पुरला नाही आणि बाजारपेठ जळाली. मग इमारती विटा-दगडाच्या झाल्या, रस्ते भर घालून उंच केले, जुने तळमजले जमिनीखाली गेले. पायोनियर स्क्वेअरच्या फुटपाथवर जांभळट काचेचे चौकोन दिसतात ना, ते त्या तळघरांत उजेड पोचावा म्हणून बसवलेले. १८८० मध्ये साडेतीन हजार वस्तीचं गाव १८९० ला बेचाळीस हजारांवर गेलं. कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं, बोइंग वगैरे सगळं त्यानंतरचं.

दुवामिश जमात इथंच आहे. केंद्र सरकारची मान्यता मिळावी म्हणून ती अनेक वर्षं लढते आहे. नदीकाठी त्यांनी २००९ मध्ये आपलं लाँगहाउस, म्हणजे पारंपरिक लांबट सामायिक घर, उभारलं. पुढच्या वेळी आलात की स्पेस नीडलच्या आधी तुम्हाला तिथं नेईन.