पहिला ग्राहक राज्याने व्हावे

हवामानबदलाला तोंड देणारे तंत्रज्ञान विकसित करणाऱ्या कंपन्या आपल्या राज्यात याव्यात आणि इथेच वाढाव्यात यासाठी शासनाने काय करावे, हा प्रश्न निघाला की चर्चा सवलतींपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. भूखंडाचा दर, मुद्रांक शुल्काची माफी, राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कातून सूट अशी ती यादी असते. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे आणि तिचा राज्याच्या औद्योगिक वाढीला निश्चितच उपयोग झाला. परंतु आज गुजरात, तमिळनाडू, कर्नाटक आणि तेलंगणाही जवळपास तेच देऊ करत असताना केवळ सवलतीच्या बळावर एखादी नवी कंपनी इथे येईल आणि टिकेल, असे मला वाटत नाही. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांच्या सांडपाण्यावर काम करताना अशा लहान कंपन्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांना सर्वांत आधी हवी असते ती पहिली ऑर्डर, आणि ती देण्याची सर्वांत मोठी क्षमता राज्याच्या स्वतःच्या यंत्रणांकडे आहे.

पुणे आणि परिसराचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, इथे १९५० पासून आहे. वाहनांची चाचणी व प्रमाणीकरण करणारी एआरएआय १९६६ पासून आहे. बॉयलर आणि औष्णिक यंत्रणा बनवणारी थरमॅक्स, डिस्टिलरी व इथेनॉल तंत्रज्ञानातील प्राज, पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये पुण्यात आहेत. ‘क्लायमेट टेक’ हा शब्द कोणाच्या तोंडी येण्यापूर्वीच हे सगळे इथे उभे राहिले होते. ते कशामुळे उभे राहिले आणि कुठे अडखळले, यातच पुढच्या धोरणाची बरीचशी उत्तरे आहेत.

सुझलॉनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तुलसी तांती मूळचे वस्त्रोद्योगातले. विजेच्या वाढत्या खर्चाने त्यांना पवनऊर्जेकडे वळवले आणि १९९५ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. सुरुवातीचे तंत्रज्ञान जर्मन सहकार्यातून आले होते, म्हणजे शोध इथला नव्हता. ग्राहक मात्र इथे होते. पवनचक्कीत पैसे गुंतवणाऱ्या उद्योगांना केंद्राकडून प्राप्तिकरात घसाऱ्याची, म्हणजे यंत्राची किंमत लवकर वजा दाखवून कर कमी भरण्याची, मोठी सवलत मिळत होती. त्याच काळात, २००३ मध्ये, महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि त्यानंतर दरवर्षी ठरावीक वाढ असा दर ठरवून दिला. बँकेला कर्ज देण्यासाठी याहून अधिक काय हवे असते? पुढील तेरा वर्षे प्रत्येक युनिटला किती पैसे मिळणार हे कागदावर स्पष्ट होते. पाटण तालुक्यातले वनकुसवड्याचे पठार आणि साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल इथे पात्यांची जी रांग दिसते, तिच्यामागे वाऱ्याइतकाच या दरपत्रकाचाही हात आहे. याच काळात साताऱ्यात, सांगलीत आणि धुळ्यात देखभाल करणारे तंत्रज्ञ, अवजड क्रेन चालवणारे, पाया घालणारे ठेकेदार अशी एक पूर्ण पिढी तयार झाली.

त्यानंतर धोरण हलू लागले. घसाऱ्याची सवलत एप्रिल २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि २०१४ मध्ये परत देण्यात आली. २०१७ मध्ये ठरावीक दराची पद्धत मागे पडून सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम देणारे लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला. वीज स्वस्त झाली याचा ग्राहक म्हणून मला आनंदच आहे. मात्र हा बदल इतका अचानक झाला, की २०१६-१७ मध्ये देशभरात सुमारे ५,५०० मेगावॅट पवनऊर्जा नव्याने उभी राहिली असताना त्याच्या पुढच्या वर्षी हा आकडा २,००० च्याही खाली गेला. सुझलॉनने परदेशी रोखे फेडण्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कसूर केली. तिच्या अडचणींना कर्जाचा बोजा आणि परदेशातील महागडी खरेदी हीसुद्धा कारणे होती, त्यामुळे सारा दोष धोरणावर ढकलणे योग्य होणार नाही. तरीही पात्यांचे साचे, गिअरबॉक्सचे सुटे भाग किंवा टॉवरचे फ्लँज पुरवणाऱ्या लहान कारखान्यांकडे परदेशी रोखे नव्हते आणि विस्ताराची महत्त्वाकांक्षाही नव्हती. त्यांच्या हातात होत्या त्या फक्त ऑर्डरी, आणि त्या थांबल्या.

इथेनॉलच्या बाबतीत असेच काहीसे आपण अगदी अलीकडे पाहिले. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले, त्या भरवशावर महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. काही दिवसांत ती शिथिल करून इथेनॉलकडे वळवता येणाऱ्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा घालण्यात आली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टअखेरीस तीही उठवली गेली. देशात साखर कमी पडेल ही चिंता खोटी नव्हती. परंतु रस थेट आंबवण्यासाठी ज्यांनी यंत्रसामग्री बसवली होती, त्यांचा हंगाम गेला तो गेलाच, आणि नव्या तंत्रज्ञानावर पैसे लावण्याची संचालक मंडळाची तयारी त्याहून अधिक काळासाठी मावळली. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचे आहे. तंत्रज्ञान इथले आणि पहिला मोठा प्रकल्प हरियाणात, कारण तो घेणारा ग्राहक तिथे उभा राहिला.

केंद्राचे निर्णय राज्याच्या हातात नसतात, हे मान्य आहे. मग राज्याच्या हातात काय आहे? महावितरण, एसटी महामंडळ, महानगरपालिका, पाणीपुरवठा योजना, सिंचन महामंडळे, आणि सहकारी साखर कारखान्यांशी असलेले जुने नाते. विजेवर चालणाऱ्या बस, शेतीपंप, सांडपाणी प्रक्रिया, पथदिवे, कचऱ्यापासून गॅस या सर्व वस्तू आणि सेवांचे राज्यातील सर्वांत मोठे खरेदीदार हेच आहेत.

नवउद्योगांना शासनाचे दार उघडण्याचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्राने आधीच केलेला आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या गेलेल्या २४ कंपन्यांना २०१८ पासून शासकीय विभागांकडून १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. अनुदानाऐवजी कामाचा आदेश देण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण कार्यादेशासोबत वापरणारा अधिकारी येतो, चाचणी येते आणि तक्रारही येते. अडचण त्यानंतर सुरू होते. माझ्या परिचयातील एका लहान कंपनीने सांडपाण्यातून निघणाऱ्या बायोगॅसमधील हायड्रोजन सल्फाइड काढण्याची यंत्रणा तयार केली. तिची प्रायोगिक चाचणी उत्तम झाली आणि त्या ठिकाणचे अभियंते समाधानी होते. मोठ्या कामाची निविदा निघाली तेव्हा मात्र त्याच स्वरूपाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि काही कोटींची उलाढाल या अटी त्यात होत्या. जे तंत्रज्ञान नवे आहे त्याचा तीन वर्षांचा अनुभव कोणाकडे असणार? अखेरीस काम जुन्या पद्धतीच्या यंत्रणेला गेले.

केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, गुणवत्तेच्या निकषांवर तडजोड न करता, नवउद्योगांना उलाढाल आणि अनुभवाच्या अटीतून सूट देण्याची सोय आहे. प्रश्न तरतुदीपेक्षा ती वापरणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. अनुभवी कंपनीला काम दिले आणि यंत्र बंद पडले तर कोणी विचारत नाही; नव्या कंपनीला दिले आणि ते बंद पडले तर लेखापरीक्षणाचा शेरा त्या अधिकाऱ्याच्या नावावर पडतो. म्हणून प्रायोगिक कार्यादेश यशस्वी झाल्याचे तटस्थ संस्थेने प्रमाणित केले, की ती यंत्रणा पुढील ठरावीक काळासाठी दरकराराच्या, म्हणजे आधीच ठरलेल्या दराने खरेदी करता येणाऱ्या वस्तूंच्या, यादीत समाविष्ट होईल आणि कोणताही विभाग नव्या अनुभवाची अट न घालता ती घेऊ शकेल, असा स्पष्ट शासन निर्णय हवा. त्यामुळे निर्णयाचा भार एका कार्यकारी अभियंत्याच्या खांद्यावरून उतरेल.

खरेदीच्या आकाराचाही विचार व्हायला हवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या वाहिन्यांवर १६,००० मेगावॅट सौर क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट आहे. एसटीने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. एवढ्या मोठ्या कामात किंमत आणि वेग यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे आणि ते योग्यही आहे. तरी अशा प्रत्येक मोठ्या कामाचा अगदी छोटा हिस्सा, समजा शंभरातला एक, नव्या तंत्रज्ञानासाठी राखून ठेवला, तर तेवढ्यानेही कितीतरी कंपन्यांना पहिला ग्राहक मिळेल. सौर प्रकल्प जोडलेल्या एखाद्या उपकेंद्रावर वेगळ्या रसायनशास्त्राची बॅटरी बसवून पाहता येईल, ढगाळ दिवसाचा अंदाज देणारी प्रणाली तपासता येईल. वाहनांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी पुण्याची केपीआयटी ही कंपनी आणि केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद सीएसआयआर यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजन इंधनपेशीवर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच सादर झाली होती. तशा पाच-दहा बस एका ठरावीक मार्गावर दोन वर्षे चालवण्याची जबाबदारी एखाद्या परिवहन उपक्रमाने घेतली, तर त्यातून मिळणारी माहिती कोणत्याही परिषदेतून मिळणार नाही. राज्याने २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले, त्यात उत्पादकाला देण्याच्या सवलतींचा तपशील भरपूर आहे. तयार होणारा हायड्रोजन कोण, किती वर्षे, कोणत्या दराने घेणार, हा भाग तितकाच तपशीलवार लिहिला जायला हवा.

आणि पैसे वेळेवर मिळायला हवेत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा २००६ पासून आहे. शासकीय बिलांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

प्रयोगशाळा उत्तम असूनही कारखाना हातून जातो, याचे दाखले इतरत्रही आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ मध्ये कायदा करून स्वच्छ ऊर्जेसाठी स्वतंत्र संस्था उभारली, पवनचक्कीची लांब पाती तपासण्याचे केंद्र बोस्टनच्या बंदरात २०११ मध्ये सुरू केले, आणि हे सगळे आजही उपयोगी आहे. त्याच राज्याने एव्हरग्रीन सोलर या कंपनीला कारखान्यासाठी चार कोटी डॉलरहून अधिक मदत दिली होती. जानेवारी २०११ मध्ये कंपनीने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आठशे नोकऱ्या गेल्या आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली. लोखंड व हवेवर चालणारी बॅटरी बनवणारी फॉर्म एनर्जी बोस्टनजवळ जन्मली, पण तिचा मोठा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात एका जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर उभा राहिला. यावरून मी असे समजतो, की रोख मदत एका कंपनीवर लावण्यापेक्षा चाचणी केंद्रांसारख्या, कोणतीही कंपनी बुडाली तरी मागे उरणाऱ्या गोष्टींवर लावणे अधिक शहाणपणाचे आहे. आपल्याकडे एआरएआय आहेच. बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम २०२२ च्या आगीच्या घटनांनंतर कडक झाले तेव्हा लहान उत्पादकांना चाचणीचा खर्च आणि रांग या दोन्हींचा त्रास झाला. तिथे राज्याने शुल्काचा काही भाग उचलणे फार महाग पडणारे नाही.

कारखान्यांच्या जागेबाबत महाराष्ट्राची स्थिती चांगली आहे. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या आणि होसूरला स्कूटर बनवणाऱ्या एथरने आपल्या पुढच्या कारखान्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळील बिडकीन निवडले, हे त्याचेच लक्षण आहे. उद्योगांच्या विजेचा दर मात्र इथे जास्त आहे, आणि केंद्राने २०२२ मध्ये हरित विजेच्या मुक्त प्रवेशाची, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून वीज घेण्याची, किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्यानंतर त्याचा लाभ लहान कारखान्याला सहज घेता येईल, अशी प्रक्रिया सोपी ठेवणे राज्याच्याच हाती आहे.

माझ्या मते महाराष्ट्राकडे जे आहे आणि मॅसॅच्युसेट्सकडेही नाही, ते म्हणजे साखर कारखाना. एकाच आवारात बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ), स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी), वाफ, वीज आणि आंबवण्याच्या टाक्यांतून निघणारा बराचसा शुद्ध कार्बन डायऑक्साइड मिळतो. बायोगॅस, कार्बन साठवण, बायोचार (जैविक कचऱ्यापासूनचा कोळसा), पाण्याचा पुनर्वापर अशा निदान दहा प्रकारच्या तंत्रज्ञानाची खऱ्या प्रमाणावर चाचणी तिथे होऊ शकते. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मोजमापाचे तटस्थ काम करू शकते. सोलापूर, कोल्हापूर, अहिल्यानगर आणि मराठवाडा इथले मिळून पाच-सहा कारखाने यासाठी चाचणीस्थळ म्हणून जाहीर करावेत आणि चाचणीमुळे उत्पादनाचे जे नुकसान होईल ते भरून देण्याची हमी शासनाने द्यावी, कारण सभासदांच्या उसावर प्रयोग करण्याचा धोका कोणताही अध्यक्ष स्वतःहून पत्करणार नाही. यात वेळापत्रक सर्वांत महत्त्वाचे आहे. गाळप साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि मार्चच्या आसपास आटोपते. पाइपलाइन जोडायची, व्हॉल्व्ह बसवायचे, पाया घालायचा तो पावसाळ्यातल्या देखभालीच्या काळातच. त्यामुळे निवड मे महिन्यात आणि कार्यादेश जूनअखेर निघाला तरच यंत्रणा त्या हंगामात चालते. ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आदेशाने त्या कंपनीचे पूर्ण वर्ष जाते, आणि दहा माणसांच्या कंपनीकडे सहसा एवढे पगाराचे पैसे शिल्लक नसतात.