वहिनीचा टीबी, निर्णय मात्र सगळ्यांचे : माझा अनुभव

खोकत होती वहिनी, आणि तिला दवाखान्यात कधी न्यायचं हे ठरवत होते बाकीचे. आई म्हणायची, हवा बदललीय, जाईल. दादा मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून द्यायचा. वहिनी गप्प, कारण ती निघाली तर घरचं कोण बघणार, हे कुणी बोलतच नव्हतं.

२ आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, अंगावर ढिले पडलेले कपडे. एवढं असलं की बेडका तपासायचाच असतो. मी टीबीचं नाव काढलं तशी आई उठली आणि आधी दार लावून घेतलं. तिला रोगापेक्षा बोभाट्याची धास्ती जास्त होती. शेवटी दादाला मी विचारलं, घरात एवढंसं पोर आहे, त्याला झालं तर? तेव्हा कुठे तो उठला. पोरासाठी उठला, बायकोसाठी नाही, हे मला अजून टोचतं.

सकाळी उठल्याउठल्या खोल खोकून काढलेला बेडका लागतो, नुसती लाळ चालत नाही. जंतू सापडले. रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचं एक मुख्य औषध, त्यांच्यावर चालणार होतं, म्हणून ६ महिन्यांचा नेहमीचा कोर्स लागला: पहिले २ महिने चार औषधं, मग कमी. लघवी नारिंगी होईल, ते रिफाम्पिसिनमुळेच, हे दवाखान्यातल्या ताईंनी आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर घरात तेवढ्यावरूनच गोळ्या बंद झाल्या असत्या. आईने वहिनीचं ताट-पेला वेगळा काढला होता. टीबी भांड्यांतून नाही, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मास्क लावा, असं ताईंनी समजावल्यावर ताट परत जागेवर आलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. पोराला टीबी नाही याची खात्री करून त्याला प्रतिबंधाचं औषध सुरू केलं.

खरी कसोटी मात्र पुढे होती. दोनेक महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, आणि घरात पुन्हा खल सुरू. गोळ्यांनी तिला मळमळायचं. दादा म्हणाला, "बरी दिसतेय की. आता कशाला पोटात एवढ्या गोळ्या?" आईनेही मान डोलावली. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात आणि तीच औषधं पुढे चालेनाशी होऊ शकतात, हे मी सांगणार, तोच वहिनी म्हणाली, "पोट माझं आहे. कोर्स मी पुरा करणार." या सगळ्या प्रकरणात तिचं मत पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. मळमळीचं तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. दादा सकाळचं घरकाम बघू लागला.

शेवटचा बेडका निगेटिव्ह आला. पुढच्या तपासण्यांना वहिनी एकटी जाते, घरात विचारत बसत नाही.