परसातला मांडव, जुलैची नोंद: सावली पलीकडे गेली

डिसेंबरात सांगाडा उभा राहिला तेव्हा मी भलताच खूश होतो. चौकोनी लोखंडी पाइप, १० बाय १२ फूट, उंची ९, वर बांबूच्या कामट्या. मी परगोला म्हणायचो. आईनं पहिल्याच दिवशी "लग्न कुणाचं?" म्हणून विचारलं, तेव्हापासून घरात तो मांडवच.

भर दुपारी बाराला उत्तरेकडं जवळजवळ ८ फूट सावली पडत होती. चुन्याची रेघ मारून तेवढाच वाफा आखला. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. हातभर उकरलं की मुरूम. पहारीनं दीड फूट काढला, पालापाचोळ्याचं खत, शेणखत आणि चाळलेली माती भरली. त्यात बोस्टन फर्न, हंसराज, मॉन्स्टेरा, पीस लिली. मार्चपर्यंत झकास.

मेमध्ये हंसराज गेला. आधी कडा तपकिरी, मग सगळं पान पापडासारखं. चिमटीत धरलं की चुरा. मला वाटलं पाणी कमी पडतंय. दोन वेळा द्यायला लागलो, तर पीस लिलीची मुळं कुजली. पाण्यात क्षार म्हणावेत तर नळाला कास तलावाचं पाणी. खत बदललं, औषध मारलं. वर बघायचं तेवढं राहिलं.

शून्य सावलीची बातमी दरवर्षी वाचतो, पण ती आपल्या वाफ्याची आहे हे यंदा कळलं. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हाला चक्क उत्तरेकडं असतो. डिसेंबरात तो दुपारीही दक्षिणेला, क्षितिजापासून ४९ अंशांवरच होता, म्हणून ती लांबलचक सावली. जूनमध्ये तीच जेमतेम फूटभर, तीही दक्षिणेला! शिवाय सकाळचं ऊन ईशान्येकडून, संध्याकाळचं वायव्येकडून. म्हणजे मी सावलीची झाडं लावली ती नेमकी उन्हाळ्याच्या उन्हात. सावली मोजायची तर मेमध्ये, एवढं मांडव बांधणाऱ्यांनी माझ्याकडून घ्यावं.

आता फर्न आणि उरलेली पीस लिली कामट्यांखाली आत घेतली. मॉन्स्टेराची दोन पानं भाजली होती, ती कापली; नवं पान निघालंय. बाहेरच्या कडेला कर्दळीचे गड्डे लावले. तिला ऊन चालतं, आणि उंच झाली की तिरपं ऊन अडवेल. दुपारचं मात्र ती अडवणार नाही, म्हणून मधल्या पट्ट्यात पावसाळी लिली. आग्नेयेच्या खांबावर कृष्णकमळ चढवलंय, कमरेएवढं झालं.

सध्या त्रास गोगलगायींचा. रात्री टॉर्च घेऊन वेचतो. काल मॉन्स्टेराच्या नव्या पानाच्या सुरळीतच एक सापडली.

मोरीच्या पाण्यावरच्या आईच्या अळवाला मी मांडवाच्या शोभेत धरलं नव्हतं. त्याला यातलं काही झालं नाही. रविवारी वड्या झाल्या.