लेन्सच्या खोक्यात बूट

मी ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकतो. रिटर्नच्या यादीत "वर्णनाशी जुळत नाही" हे कारण दिसलं की मी लगेच मनाला लावून घेत नाही. "विचार बदलला" असं निवडलं तर परतीचं भाडं सहसा ग्राहकाच्या माथी बसतं, आणि "जुळत नाही" म्हटलं की ते विक्रेत्याकडे येतं. त्यामुळे लोक काय निवडणार हे उघड आहे. त्या दिवशीच्या रिटर्नमध्ये मात्र खाली एक ओळही लिहिली होती: "ऑटोफोकस चालत नाही." कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स होती, पाठवण्यापूर्वी मी स्वतः तपासलेली.

परत आलेलं पार्सल आम्ही कॅमेऱ्यासमोरच उघडतो. आधी सहाही बाजू, मग लेबल, मग टेप, मग काट्यावर वजन, आणि त्यानंतर कटर. मध्ये व्हिडिओ थांबवायचा नाही. थांबवला की बाजारपेठेकडे करायच्या भरपाईच्या दाव्यात त्याची किंमत शून्य.

खोकं उघडलं तर आत लहान मुलाचे बूट.

मदतनीस म्हणाला, "दादा, गंडवलं आपल्याला. टाका फ्रॉडचा दावा." मलाही क्षणभर तसंच वाटलं असतं, पण बुटात एक चिठ्ठी खोचलेली होती: "पायाला घट्ट होतात, एक साइज मोठी द्या." लेन्स ढापणारा माणूस बुटांची साइज बदलून कशाला मागेल? ही दुसऱ्याच कुणाची तरी परतीची वस्तू होती.

मग खोकं पुन्हा पाहिलं. लेबल बोटाला जाड लागत होतं. बाजूने टॉर्च मारल्यावर त्याखाली दुसऱ्या लेबलची कड दिसली. व्हिडिओ चालूच होता, त्यातच कोपरा हळूच उचलला. खालच्या बारकोडचे शेवटचे आकडे आमच्या ट्रॅकिंग नंबरचे नव्हते. वाटेत कुठेतरी लेबलं नव्याने छापून चिकटवताना दोन पार्सलांची अदलाबदल झाली होती.

हे सिद्ध करायला वजन लागणार होतं. शिपिंगच्या हिशेबात "आकारलेलं वजन", म्हणजे खोक्याच्या मापावरून भाड्यासाठी धरलेलं वजन, 2 किलो होतं, ते काही कामाचं नव्हतं. खोकं 25 बाय 20 बाय 20 सेंटिमीटरचं, गुणाकाराला 5000 ने भागलं की 2 किलो येतात. आत लेन्स असो वा कापूस. खरं वजन दुसऱ्या रकान्यात असतं. ग्राहकाच्या दारात उचलताना 980 ग्रॅम, कुरिअरच्या वर्गीकरण केंद्रातून निघताना 610. आमच्या काट्यावरही 610. म्हणजे ग्राहकाने पाठवलेल्या पार्सलचं वजन लेन्सला शोभेल असंच होतं.

खरी अडचण दाव्याच्या फॉर्ममध्ये आली. पर्याय चारच: वस्तू खराब, वेगळी वस्तू, रिकामं खोकं, भाग गहाळ. चारही पर्यायांत आरोपी ग्राहकच. वाटेत घोळ झाला, असं म्हणायला जागाच नाही. "वेगळी वस्तू" निवडावं लागलं आणि त्याबरोबर ग्राहकाचा रिफंड आपोआप अडकला. वर्णनात मी पहिलंच वाक्य लिहिलं, "ग्राहकाविरुद्ध माझी तक्रार नाही," आणि खाली दोन्ही वजनं, लेबलचे फोटो, व्हिडिओ. पहिलं उत्तर साच्यातलं आलं: ग्राहकाशी संपर्क साधून प्रश्न मिटवा. मी तीच माहिती पुन्हा पाठवली, या वेळी वजनाचे दोन आकडे सगळ्यात वर. तिथे बसलेल्या माणसाला एका तक्रारीसाठी किती वेळ मिळत असेल, याचा अंदाज आहे मला.

तेवढ्यात ग्राहकाचा संयम संपला. "लेन्स परत दिली, पैसे नाहीत, हा काय प्रकार?" म्हणत त्यांनी कार्डाच्या बँकेत चार्जबॅक टाकला, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत खेचून देण्याची मागणी केली. त्यांचंही चूक नव्हतं. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत अशा बहुतेक तक्रारींना साधारण 120 दिवस मिळतात, म्हणजे आमची रिटर्नची मुदत संपल्यावरही हे दार उघडंच असतं. पण आता एकाच रकमेला दोन वाटा झाल्या. बाजारपेठेने रिफंड दिला आणि बँकेनेही पैसे परत खेचले, तर माझ्या खिशातून दुप्पट जाणार. नवे विक्रेते इथेच फसतात. भांडण मिटवायला घाईने रिफंड सोडतात आणि बँकेला त्याचा पुरावा द्यायचा विसरतात.

मी ग्राहकांना लेबलचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "तुम्ही लेन्सच पाठवली, हे मला दिसतंय. पैसे एकाच वाटेने मिळतील, दोन्हीकडून मागू नका." ते निवळले. दुसऱ्या खेपेला दावा मंजूर झाला, भुर्दंड कुरिअरवर गेला, रिफंड सुटला आणि त्याची पावती मी त्याच दिवशी चार्जबॅकच्या उत्तराला जोडली. बँकेने प्रकरण बंद करायला बराच वेळ घेतला. तोवर माझ्या खात्यावर वादाचा एक लाल आकडा लटकत राहिला, त्याला इलाज नाही.

बूटवाल्या विक्रेत्याकडून लेन्सही आली. कॅमेऱ्याला लावली, फोकस हलेना. पाहतो तर लेन्सच्या अंगावरचं बारीक बटण "एमएफ"वर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर. सरकवल्यावर झटक्यात चालू.

त्या बटणाचा फोटो आता लिस्टिंगमध्ये दुसरा आहे. "ऑटोफोकस चालत नाही" म्हणून रिटर्न अजूनही येतात, पण आधीपेक्षा कमी.